सुईणीची नात परीक्षेला बसते

१

इतिहासाच्या पुस्तकांत लढाईत हरलेल्यांना जागा मिळते. परीक्षेत हरलेल्यांना मिळत नाही. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर शिकवतो, हेही येथेच सांगून टाकतो. पानिपतच्या पराभवाची कारणे मी वर्गात सांगतो आणि मुले ती मुद्देसूद उतरवून घेतात. त्याच वर्गातून दरवर्षी काही मुले-मुली नापास होऊन गळतात. त्यांच्या पराभवाची कारणे मी कधी मुद्द्यांत मांडली नाहीत. 'अभ्यास कमी पडला' हे एकच कारण मला पुरेसे वाटत आले. ते पुरेसे नाही, हे मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळले.

बहीण परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिकते. त्याला सगळे जीएनएम म्हणतात. दोन वर्षे ती निभावून गेली. शेवटच्या वर्षी मिडवायफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या शास्त्राच्या लेखी परीक्षेत ती दोनदा नापास झाली. प्रात्यक्षिकात ती दोन्ही वेळा चांगल्या गुणांनी पास आहे. पण नियम असा की लेखीत वेगळे पन्नास टक्के हवेत आणि प्रात्यक्षिकात वेगळे पन्नास टक्के हवेत. एकाचे गुण दुसऱ्याला चालत नाहीत. ही परीक्षा सुटल्याशिवाय नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढत नाही, आणि नाव चढल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिका नाही. आता ती तिसऱ्यांदा बसली आहे. निकाल यायचा आहे.

निकाल येण्यापूर्वीच हा लेख लिहितो आहे, आणि तो हेतूने. ती पास झाली तर आपण तिची यशोगाथा करू; जिद्द, चिकाटी असे शब्द वापरू. नापास झाली तर गप्प बसू. दोन्ही वेळा मूळ प्रश्न तसाच राहील. प्रश्न असा आहे की जिच्या आजीने पन्नास वर्षे गावाची बाळंतपणे केली, ती नात बाळंतपणाच्याच विषयात का अडते?

२

माझी आजी सुईण होती. लाखांदूर तालुक्यात चुलबंद नदीच्या काठी आमचे गाव. आमच्या गावात सुईणपण आमच्या वस्तीकडेच होते. महाराष्ट्रात इतर ठिकाणी ते महारांकडे, मांगांकडे, कुठे न्हाव्यांकडे असे. जात वेगळी असली तरी कामाचा दर्जा एकच. रात्री-बेरात्री पाटलाकडून बोलावणे यायचे. एरवी ज्या घराच्या ओसरीवर आजीला पाय ठेवता येत नसे, त्या घराच्या आतल्या खोलीत तिला हाताला धरून नेत. नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीचे रक्ताचे कपडे धुवायचे, पहिले दिवस मायलेकरांना न्हाऊ घालायचे, हे सगळे तिचे काम. विटाळ संपला की आजीचा प्रवेशही संपला. मग सूपभर धान, एखादे जुने लुगडे, आणि पुन्हा ओसरीच्या खाली.

म्हणजे ज्ञान आमच्याकडे होते, पण त्याला ज्ञान म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. आजी माझ्या मायला सांगायची, "पोरी, आधी हात गरम कर, मंग पोटाले लाव." मूल झाल्यावर वार लगेच ओढायची नाही, वाट पाहायची, पोट टणक आणि गोल झाले, रक्ताचा एक लोट आला, बाहेरची नाळ लांबली, म्हणजे वार सुटली. या तीन खुणा मी आजीच्या तोंडून लहानपणी ऐकल्या होत्या. पुढे बहिणीच्या इंग्रजी पुस्तकात त्याच तीन खुणा मला मिळाल्या.

पण आजीचे गोडवे गाऊन मला थांबता येणार नाही. आपल्या साहित्यात जुने ते सगळे थोर, अशी एक नवी भाबडी समजूत शिरू पाहते आहे. आजी नाळ विळ्याने कापायची. पुढे ब्लेड आले. विळ्याच्या काळात किती लेकरे धनुर्वाताने गेली, याची गणती कोणी ठेवली नाही. तिच्या स्वतःच्या दोन लेकरांना सातव्या-आठव्या दिवशी आकडी आली आणि ती गेली. त्याला ती आयुष्यभर 'बाहेरचं लागलं' असे म्हणत राहिली. रक्त थांबले नाही तर तिच्या हातात काही उपाय नव्हता. आज मूल झाल्यावर मिनिटभरात दहा युनिट ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, गर्भाशय आवळते, रक्तस्राव आटोक्यात राहतो. तेव्हा शास्त्र हवे, शिक्षण हवे आणि परीक्षाही हवी. चुकीची मात्रा दिली तर माणूस मरतो. माझी बहीणही हेच म्हणते. माझी तक्रार परीक्षा असण्याबद्दल नाही. परीक्षेच्या दारापर्यंत कोणी कोणत्या वाटेने यायचे, हे ज्या इतिहासाने ठरवले, त्याबद्दल आहे.

३

हा इतिहास पाहू.

महाराष्ट्रातल्या परिचर्येचा इतिहास सांगताना मी वर्गात सावित्रीबाई फुल्यांपासून सुरुवात करतो. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ यशवंतरावांनी उभारलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांना आणून पोचवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी मूल त्यांनी पाठीवर वाहून आणले, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. अस्पृश्याच्या अंगाला हात लावून केलेली ही शुश्रूषा परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा येत नाही. तेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल येते. तिचे स्मरण रास्तच आहे, पण तिच्याशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.

पाठ्यपुस्तकातला इतिहास सरकार आणि रुग्णालये यांच्यापासून सुरू होतो. १८८५ साली डफरिन फंड निघाला. १८८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात परिचारिकांचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. १८९१ साली काशीबाई गणपत ही पहिली हिंदी स्त्री प्रशिक्षणाला आली, असे ही पुस्तके सांगतात. १९०३ साली व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दायांना शिकवण्याची योजना आली. या काळातल्या सरकारी आणि वैद्यकीय लिखाणात देशी दाई म्हणजे घाण, अज्ञान आणि मृत्यू असेच चित्र आहे. त्यात तथ्य होते. माझ्या आजीच्या विळ्याबद्दल मी वर सांगितलेच. पण दाई घाणेरडी का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. घाण तिच्या अंगाला कोणी लावली? ज्या समाजाने बाळंतपण विटाळ मानले आणि तो विटाळ काढण्याचे काम जातीने वाटून दिले, त्या समाजाची चौकशी झाली नाही. चौकशी सुईणीची झाली.

सवर्ण समाजात परिचारिकेचे काम दीर्घकाळ हीन मानले गेले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, हे घरंदाज बाईचे काम नव्हे असे ठरले होते. म्हणून पहिल्या पिढ्यांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती झालेल्या मुली पुढे दिसतात. आमच्या मध्यप्रांतातही हे शिक्षण बरेचसे मिशनच्या रुग्णालयांत झाले. नागपूरचे म्युअर मेमोरियल रुग्णालय स्कॉटिश मिशनचे होते. भंडाऱ्यातही त्याच मिशनचे काम होते. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत उच्चवर्णीय विधवाही होत्या. त्या स्त्रियांना केवढा विरोध सोसावा लागला असेल, याची मला कल्पना आहे. त्यांचे मोल मी कमी करीत नाही. पण शब्दांकडे लक्ष द्यावे. तेच रक्त, तेच कपडे, तीच बाळंतीण. त्या घरच्या बाईने केले की त्याला 'सेवा' हा शब्द मिळाला. माझ्या आजीने केले तेव्हा त्याला 'विटाळ काढणे' हाच शब्द राहिला. एकच काम दोन शब्दांत विभागले गेले, आणि पुढे नोंदवही उघडली ती पहिल्या शब्दासाठी.

ही नोंदवही मद्रास प्रांतात १९२६ साली आणि मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याने आली. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने राज्यातल्या निरनिराळ्या प्रदेशांची नोंदणी एका छत्राखाली आणली. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला आमचा भंडारा जिल्हा त्यामुळे मुंबईच्या नोंदवहीशी जोडला गेला. २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसविका यांच्यासाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. कायदे आवश्यक होते. भोर समितीने १९४६ साली सांगितले की या देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका आहे, आणि असायला हवी पाचशे लोकांमागे एक. एवढी प्रचंड तूट भरून काढायची तर आधीच काम करणाऱ्या हजारो सुईणींच्या मुलींना पुढे आणणे, हा एक सरळ मार्ग होता. प्रत्यक्षात झाले ते असे. १९५० च्या सुमारास शिक्षणाच्या दोन पायऱ्या ठरल्या. वरची पायरी पूर्ण परिचारिकेची, खालची सहायक परिचारिका-प्रसविकेची, म्हणजे एएनएमची. खालच्या पायरीचे शिक्षण मराठीत, वरच्या पायरीचे पुस्तक इंग्रजीत. खेड्यातली, मराठी शाळेतली, गरीब मुलगी खालच्या पायरीवर थांबावी, अशी रचना कोणी मुद्दाम केली असे मी म्हणत नाही. पण तिच्यात थांबली ती हीच मुलगी.

आणि २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. माझी माय आशा झाली. बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे, नोंद करायची, मोबदला कामागणिक. तिच्या सासूने बाळंतपण स्वतः केले. मायने ते दारापर्यंत पोचवले. आता नात दाराच्या आत शिरू पाहते. आमच्या घरच्या तीन पिढ्यांचा हा इतिहास एवढ्या एका वाक्यात मावतो. तिसरी पिढी दारातच का अडली, ते पुढे सांगतो.

४

बहीण बारावी कला शाखेची. जीएनएमला कला शाखेची मुलगी घेतात, हे कळल्यावर आमच्या घरी आनंद झाला. पण बारावीनंतर लगेच ती शिकली नाही. मी तेव्हा एम. ए. करीत होतो, आणि दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. सहा वर्षे ती मायसोबत विड्या वळत बसली. भंडाऱ्याच्या मुलींना हे नवीन नाही. तेंदूचे पान आणि तंबाखू यांनी या जिल्ह्यातल्या कित्येकांची फी भरली आहे. माझीही भरली. ज्या हातांनी माझी फी भरली त्या हातांना पुस्तक मिळाले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

एका खाजगी संस्थेत तिला प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर आले. शब्दकोश घेऊन ती एका पानावर दोन तास बसायची. वॉर्डात मात्र ती सर्वांत पुढे. सलाइन लावणे, बाळंतिणीच्या पोटावरून बाळाचे डोके कुठे आहे ते हाताने ओळखणे, हे तिला शिकवावे लागले नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मराठी मिसळून बोललेले चालते. लेखीत चालत नाही. बाळंतपणाच्या तिसऱ्या टप्प्याचे व्यवस्थापन लिहा, असा प्रश्न आला. तिसरा टप्पा म्हणजे मूल झाल्यापासून वार पडेपर्यंतचा काळ. आमच्या आजीचे सगळे शहाणपण याच टप्प्यातले. बहिणीने अर्धे पान लिहिले आणि थांबली. घरी येऊन म्हणाली, "दादा, मले सारं करता येते, लिवता येत नाई."

त्या वेळी मी काय बोललो ते लिहिणे मला जड जाते. मी म्हणालो, "मग अभ्यास कमी पडला." दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मी त्याहून वाईट बोललो. म्हणालो, "आता पुरे कर. एएनएमला गेली असतीस तर आतापर्यंत नोकरी लागली असती." म्हणजे ज्या खालच्या पायरीबद्दल मी वर्गात तावातावाने बोलतो, तीच पायरी मी माझ्या बहिणीला दाखवली.

माय विड्यांचे पान कातरत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तू सेटमंदी दोनदा पडला तवा तुहा अभ्यास चालू होता. थे पडली तं नापास झाली. हे कसं रे बाप्पा?"

मला उत्तर नव्हते. प्राध्यापकाची पात्रता ठरवणारी सेट परीक्षा मी तिसऱ्या वेळी पास झालो, ही गोष्ट खरी आहे. माझ्या दोन अपयशांना घरात, वस्तीत, विहारात कोणीही अपयश म्हटले नव्हते. 'मोठी परीक्षा आहे, वेळ लागतोच' असे म्हणून मला तीन वर्षे बसू दिले. त्या तीन वर्षांचा खर्च विड्यांतून निघाला. पुरुषाचे नापास होणे ही तयारी असते आणि बाईचे नापास होणे हा निकाल असतो, हे मला माझ्या अशिक्षित मायकडून शिकावे लागले.

घरात जे झाले तेच सरकारी नियमांतही मला सापडले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. तुमच्या-माझ्या शिक्षणाचा तो कणा आहे. तिच्या २०१० च्या नियमावलीत अभ्यासक्रमांचे गट पाडले होते. वैद्यक, अभियांत्रिकी अशा पहिल्या गटातला विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तर त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवता येईल, असे तेथे स्पष्ट लिहिले होते. परिचर्या पहिल्या गटात नव्हती. डॉक्टर होणाऱ्याला एकदा पडण्याची मुभा, त्याच रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या परिचारिकेला तीही नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात जात असेल असे नाही. पण कोणाचे पडणे क्षम्य आणि कोणाचे अक्षम्य, याची एक उतरंड त्याच्या मनात होती, आणि ती आपल्या परिचयाची आहे.

तिसरी गोष्ट बाजाराची. नापास झालेली मुलगी घरी बसत नाही. तिला काम मिळते, आणि फार सहज मिळते. माझी बहीण एका लहानशा खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते. अंगावर पांढरा गणवेश, लोक 'सिस्टर' म्हणतात, काम पूर्ण परिचारिकेचे. पगार मात्र मदतनिसाचा, कारण नोंदणी नाही. काही चुकले तर जबाबदारी मात्र तिची. गावोगावच्या असल्या दवाखान्यांचा डोलारा अशाच अर्धवट शिकलेल्या, नोंदणी नसलेल्या मुलींवर उभा आहे. त्या पास झाल्या तर त्यांना पूर्ण पगार द्यावा लागेल. तेव्हा त्यांच्या नापास राहण्यात कोणाचा तरी फायदा आहे, एवढे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय फीची बाकी आहे म्हणून संस्थेने मूळ कागदपत्रे अडकवून ठेवली. रात्रपाळीमुळे अभ्यास नाही, अभ्यास नाही म्हणून पास नाही, पास नाही म्हणून रात्रपाळी. आजीला सूपभर धान मिळायचे. नातीला महिन्याच्या महिन्याला पाकीट मिळते. फरक आहे, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही.

५

अशा वेळी आपण बाबासाहेबांचे उदाहरण देतो. मीही बहिणीला दिले होते. अठरा-अठरा तास अभ्यास, पावावर काढलेले दिवस. हे सगळे खरेच आहे. पण आपण ते उदाहरण चाबकासारखे वापरतो, आणि अर्धेच सांगतो.

राहिलेले अर्धे असे. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली होती. मधल्या काळात बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, अपमान झाला. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. १९२० साली ते परत गेले ते त्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जावर. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. १९२३ साली परीक्षकांनी तो पुन्हा लिहून द्यायला सांगितले. ब्रिटिश राजवटीच्या धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती. पैसे संपले होते. बाबासाहेब मुंबईला आले, निष्कर्षांना धक्का न लावता प्रबंध पुन्हा लिहिला, परत पाठवला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना पदवी मिळाली.

म्हणजे बाबासाहेबही परत बसले होते. पण परत बसायला त्यांना तीन गोष्टी मिळाल्या होत्या: विद्यापीठाने दिलेली मुदत, उसने पैसे देणारा मित्र आणि दार उघडे ठेवणारा एक नियम. जिद्द त्यांची होती. या तीन गोष्टी मात्र बाहेरून आल्या होत्या. आपण जिद्दीचा वारसा सांगतो. त्या तीन गोष्टींचा वारसा आपण कोणाला देतो? नवल भथेनाचे नाव आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

आणि भंडारेकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. १९५२ साली मुंबईत पराभव झाल्यावर १९५४ च्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले आणि येथेही हरले. आमची आजी साल सांगत नसे. ती म्हणायची, "बाबासाहेब पडले त्या उन्हाळ्यात तमक्याचा पोरगा माह्या हातावर झाला." त्या पडण्याची लाज तिच्या बोलण्यात कधी नव्हती. पेरणीचे साल सांगावे तसे ती ते साल सांगायची. दोन वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपूरला गेली. पडलेल्या माणसामागे लोक कसे उभे राहतात, हे तिने पाहिले होते. नव्हे, त्या लोकांत ती होती. माझ्या बहिणीच्या मागे मात्र तिचा शिकलेला भाऊसुद्धा उभा नव्हता.

६

तिसऱ्या परीक्षेची तयारी आम्ही दोघांनी मिळून केली. त्यात मी शिकवले थोडे आणि शिकलो जास्त.

रात्रपाळीहून आली की ती दुपारी झोपायची आणि संध्याकाळी सहाला विहारात जाऊन बसायची, कारण घरी जागा नाही. मी तेथे जायचो. पहिल्या दिवशी मी इंग्रजी पुस्तक उघडून समजावू लागलो आणि दहा मिनिटांत माझीच फजिती झाली. मग आम्ही उलटे केले. मी म्हणालो, पुस्तक मीट. आजी सांगायची तसे सांग. ती सांगू लागली. कळा, पाणमोट फुटणे, डोके दिसणे, नाळ, वार. मी एक इतिहासाचा माणूस. साक्षीदाराची जबानी घ्यावी तशी तिची जबानी क्रमाने लिहून घेतली. नंतर एकेका वाक्यासमोर आम्ही इंग्रजी वाक्य ठेवले. लहान वाक्य, एक कर्ता, एक क्रिया. 'वार सुटल्याच्या खुणा' याच्यासमोर 'साइन्स ऑफ प्लासेंटल सेपरेशन', आणि खाली आजीच्या तीन खुणा. पुस्तकातली व्याख्या आधी, आकृती मग, कामे त्यानंतर, परिचारिकेने काय करायचे ते शेवटी. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून तीन तास लिहायचे. एका वहीत शब्दांच्या दोन रांगा झाल्या, डावीकडे आजीचे शब्द, उजवीकडे परीक्षेचे. वही भरली तेव्हा बहीण म्हणाली, "आजीले येत होतं ते अर्धं पेपरात हाये." उरलेले अर्धे आजीला येत नव्हते, आणि ते येत नसल्यामुळे तिची लेकरे गेली, हेही तिनेच सांगितले.

पुढे त्या टेबलाशी आणखी तीन मुली येऊन बसू लागल्या. एक एएनएमची, दोन जीएनएमच्या, तिघीही परत बसणाऱ्या. त्या आजवर एकमेकींना हे सांगत नव्हत्या. नापास झालेली मुलगी आधी वाचनालय सोडते, मग जयंतीच्या कार्यक्रमाला यायचे सोडते, शेवटी वस्तीच सोडते.

आपल्या चळवळीने एके काळी अशा खोल्या बांधल्या आहेत. नागपुरात १९२२ साली जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. अंजनीबाई देशभ्रतारांनी मुलींचे वसतिगृह चालवले. या स्त्रियांची कहाणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात जपून ठेवली आहे. त्या स्त्रियांनी मुलींना केवळ 'शिका' म्हटले नाही. बसायला जागा दिली, जेवायला दिले. आज आपण गुणवंतांचे सत्कार करतो. ऐंशी टक्केवाल्याला शाल आणि नारळ मिळतो. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर अडकलेली मुलगी मंडपाबाहेर उभी असते. खरे तर शालीची नव्हे, परीक्षा-फीची गरज तिला आहे.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांना, विशेषतः शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना, माझे सांगणे साधे आहे. आपल्या विहारात संध्याकाळी एक टेबल परत बसणाऱ्यांसाठी राखून ठेवा. जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा त्यांच्या फीसाठी बाजूला काढा. मराठी शब्दांसमोर परीक्षेचे शब्द मांडणाऱ्या वह्या प्रत्येक विषयात तयार करा आणि हातोहात पोचवा. पहिल्या नापासीची मुभा डॉक्टर होणाऱ्याइतकीच परिचारिका होणाऱ्या मुलीलाही मिळाली पाहिजे, अशी मागणी संघटनांनी लेखी करावी. फीसाठी कागदपत्रे अडकवणाऱ्या संस्थेच्या दारात मुलीला एकटी पाठवू नका. चार माणसे सोबत जा. यात क्रांतीची भाषा नाही, हे मला कळते. पण आमच्या वस्तीत क्रांती येईल तेव्हा तिलाही बसायला जागा लागेलच.

परीक्षेच्या दिवशी मी बहिणीला सोडायला गेलो. दारात मी तिला काहीतरी धीराचे बोलणार होतो. त्याआधी तिनेच वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "हे तुहाकडे ठेव. संध्याकाळी त्या पोरींले लागन."

ती वही आता विहारातल्या टेबलावर आहे. निकाल काहीही लागो, ती तेथेच राहील.